मोठ्या बाईंचा आवाज

पहिलीची पोरं आवरता आवरता बाईंचा घसा पार कामातून गेला. मूळचा आवाज खणखणीत. घरात सासूबाई कानानं अधू, तरी म्हणायच्या, "अगं, ओरडतेस कशाला? बहिरी नाही मी!" आता दुपार झाली की गळ्यातून फुटक्या पिपाणीसारखं काहीतरी निघे. डॉक्टरांनी घशात डोकावून रोखठोक सांगितलं, "वर्ग सोडा, नाहीतर आवाज जाईल."

वर्ग सोडून खायचं काय? नवरा गेल्यापासून घरात सासू-सून दोघीच, आणि मिळवणाऱ्या बाई एकट्या. एकच वाट होती. शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या. मोठ्या बाईंना स्वतंत्र खोली, बेल दाबली की शिपाई हजर. ओरडायचं कामच नाही. पण त्या खुर्चीसाठी एम.एड. हवं. बाईंनी नाव घातलं.

एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात झारा. भाजी करपली की सासूबाई म्हणत, "आज शिक्षणशास्त्र वाढलंस वाटतं."

तोंडी परीक्षा जवळ आली तशी बाईंनी घरात बोलणंच टाकलं. आवाज साठवायचा होता. सगळा कारभार खुणांनी.

"रुसलीस का गं माझ्यावर?" सासूबाई विचारत. बाई नुसती मान हलवत.

परीक्षक म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला." बाई बोलल्या. होतं नव्हतं ते सगळं तिथं ओतून आल्या आणि चांगल्या गुणांनी पास झाल्या.

मग खुर्चीसाठी मुलाखत. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "पदवी उत्तम. पण सगळ्या शाळेपुढं उभं राहायचं, अंगावर आलेल्या पालकांना गप्प करायचं. मोठ्या बाईंना आवाज नको?" बाईंचे ओठ हलले. अध्यक्षांनी कान पुढं केला, मग ओशाळून मागं घेतला. "तुम्ही आपला वर्गच सांभाळा."

वर्गाला आवाज लागत नाही, अशी त्यांची समजूत असावी.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "झालीस का गं मोठी बाई?"

बाई काहीतरी बोलल्या.

"काय?"

बाई पुन्हा बोलल्या.

सासूबाईंनी त्यांचा दंड धरला. "ओरड की गं जरा. पूर्वीसारखी ओरड. बहिरी आहे मी."

बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

त्या चपला काढून आत गेल्या. सकाळी पहिलीचा वर्ग होता.