रोलरमामाची ग्वाही

रस्त्याच्या कामावरच्या माणसांनी त्याला रोलरमामा हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की हजेरी घेताना मुकादमाच्या तोंडातही तेच यायचं. खरा मामा तो एकाचाच होता, बहिणीच्या मुलाचा. या भाच्याला लहानपणी बारक्या म्हणत. आता तो दारातून आत येताना मान वाकवतो, तरी नाव बारक्याच राहिलंय.

बारक्या कामासाठी शहरात आला तो मामाच्या खोल्यांमध्येच उतरला. चष्म्याच्या दुकानांना काचा पोचवायचं काम त्याचं. सकाळी मोटरसायकलवर बसायचा तो दिवेलागणीला उतरायचा. मामाने लग्न केलं नव्हतं. रोलरच्या सीटवर बसून बसून त्याच्या अंगात एक स्थिरपणा आला होता. घाई त्याला सोसत नसे. जो रस्ता दुसऱ्याच्या हातून दोनदा उखडला, तो मामाच्या चाकाखालून एकदा गेला की वर्षानुवर्षं गप पडून राहायचा. याचा त्याला माज नव्हता, पण आपण दाबलेल्या रस्त्यावरून जाताना तो पाय जरा जोरात टाकायचा, हे बारक्याने पाहिलं होतं.

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्यांची ड्यूटी रात्रीची, झोप दिवसाची. त्या बऱ्याचदा खाली येऊन तक्रार करून गेल्या होत्या.

"तुमच्या भाच्याला काहीतरी सांगा हो. गाडी आली की माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात."

मामाला राग यायचा. "बाई, त्या गाडीला आवाजच नाही. दारात येऊन उभी राहते, तरी मला पत्ता लागत नाही. तुम्हाला झोप येत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

नर्सबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि पाय आपटत वर जायच्या. मामाने गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की बाई भांडकुदळ आहे, तिच्या नादी लागू नका. गल्लीतले लोक हसायचे. मामाला वाटायचं, ते बाईला हसतायत.

अशात पोलिसांनी कर्कश गाड्यांच्या मागे लागायचं मनावर घेतलं. कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा बसवलेला दिसला, की गाडी बाजूला घ्यायची, सायलेन्सर तिथंच उतरवून जप्त करायचा. बारक्याचाही उतरवला. त्याने माळ्यावर टाकलेला कंपनीचा जुना सायलेन्सर काढून बसवला आणि काचा पोचवणं चालू ठेवलं, पण तोंड पाडून. तो बाहेरचा सायलेन्सर त्याने जिवापाड जपला होता. रविवारी त्याला कापडाने पुसायचा, तसं त्याने स्वतःचं तोंडही कधी पुसलं नसेल.

मग हुकूम आला. जप्त केलेले सायलेन्सर वाहतूक शाखेच्या मागच्या मैदानात मांडून, फोटोवाल्यांसमोर रोलरखाली चिरडायचे. रोलर कुणाचा? मामाचा.

बारक्या त्या संध्याकाळी जेवताना म्हणाला, "मामा, माझा त्यातला नाही. माझ्या सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का आहे, कोरलेला. आवाजाची तपासणी करूनच असे विकतात. ते कायद्यात बसतं. पोलिसानं बघितलंच नाही."

"मोठ्यानं बोल. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस?"

बारक्याने पुन्हा सांगितलं.

"मग भितोस कशाला?" मामा म्हणाला. "मी आहे ना. तुझ्या गाडीचा आवाज नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

बारक्या हसला. मामा आपल्या बाजूने आहे, सगळं कळून डोळेझाक करतोय, असं त्याला वाटलं. त्याने जास्त काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानात सायलेन्सरांची रांग लागली होती. काळे, चकचकीत, तोफेच्या तोंडासारखे, बासरीसारखे. साहेबांनी छोटं भाषण केलं. बिनशिक्क्याचा एकही माल परत मिळणार नाही, शिक्क्याचा आणि मापात बसणारा असेल तर मालकाने आत्ताच पुढे यावं, असं त्यांनी सांगितलं. कुणी आलं नाही. बारक्या कडेला उभा होता, पण 'मापात बसणारा' हे ऐकून तो एका फोटोवाल्याच्या मागे सरकला.

मामाने रोलर पुढे घेतला. पहिले पाच-सहा चाकाखाली गेले आणि पापडासारखे चपटे झाले. फोटोवाले खूश. पुढे चकचकीत, शेपटीला निळसर झाक असलेला बारक्याचा सायलेन्सर दिसला. मामाने रोलर थांबवला, खाली उतरला आणि तो सायलेन्सर काखेत मारून साहेबांपुढे गेला.

मुकादम धावत आला. "अरे मामा, काय करतोस! चढ वर!"

"साहेब," मामा म्हणाला, "हा माझ्या भाच्याचा. यावर शिक्का आहे. गाडी माझ्या दारात असते, रोज. या गाडीला आवाज नाही, ही माझी ग्वाही. रस्ता दाबताना मी कधी खोटं काम केलं नाही, हे मुकादमांना विचारा."

मुकादमाने मान हलवली. ते तरी खरं होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सायलेन्सर फिरवून शिक्का बघितला. "शिक्का आहे बरोबर. गाडी कुठाय?"

बारक्या गाडी ढकलत पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. पोलिसांकडच्या मेकॅनिकने पाना घेतला, जुना सायलेन्सर काढला, हा बसवला. एक शिपाई आवाज मोजायचं यंत्र घेऊन मागे उभा राहिला.

"कर सुरू," साहेब म्हणाले.

बारक्याने मामाकडे पाहिलं. मामाने बिनधास्त हात केला, कर की.

गाडी सुरू झाली. मामाला नेहमीसारखीच एक बारीक गुरगुर ऐकू आली, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. तो साहेबांकडे बघून हसला. आणि मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

साहेबांनी कानात बोटं घातली होती. मुकादमाने तोंड वाकडं करून दोन्ही तळहात कानांवर दाबले होते. कुंपणावरचे कावळे उडाले. एक फोटोवाला कॅमेरा बगलेत मारून मागे सरकत होता. शिपायाने यंत्र वर धरलं आणि आकडा बघून नुसती मान हलवली. सगळे एकाच वेळी खोटं वागतील, असं तर होणार नाही.

बारक्याने गाडी बंद करून किल्ल्या घाईने खिशात टाकल्या. मेकॅनिकने सायलेन्सरच्या शेपटीत बोट घातलं. "साहेब, आतली आवाज दाबणारी गुल्ली काढलीय. शिक्का गुल्लीसकट असतो. ही काढली, की शिक्क्याला अर्थ राहत नाही. बघा, स्क्रूचं भोक रिकामं."

"गुल्ली कुठाय?" साहेबांनी विचारलं.

बारक्याने खिशातून गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. जुडग्याला, शोभेच्या वस्तूसारखी, ती गुल्ली लटकत होती.

फोटोवाले खो खो हसले. साहेबांनाही हसू आवरलं नाही. "शाबास! पुरावा खिशात घेऊन फिरतोय पठ्ठ्या! दंड तर होणारच. बसव ती. मापात आला, तर घेऊन जा. पुन्हा काढलेली दिसली, तर रोलरखाली."

मेकॅनिकने गुल्ली बसवून स्क्रू आवळला. बारक्याने किल्ली फिरवली. शिपायाने यंत्र धरलं आणि या वेळी अंगठा वर केला.

मामा जवळ आला. गाडीपासून हातभर अंतरावर उभा राहून त्याने बारक्याला विचारलं, "सुरू का करत नाहीस?"

बारक्या हलकेच म्हणाला, "सुरूच आहे, मामा."

मामाला हे ऐकू आलं नाही. ओठ हललेले पाहिले. त्याने टाकीवर हात ठेवला. टाकी थरथरत होती. तो हात तसाच ठेवून बराच वेळ उभा राहिला.

त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट लागोपाठ येऊ लागली. नर्सबाईंचं ते तोंडाकडे बघत राहणं. गल्लीतलं हसणं. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तो कुणाकुणाला म्हणाला होता. कामावर तर कधी अडलंच नाही. रोलरच्या धडधडीत तिथं कुणीच बोलत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. आणि मग त्याला मागच्या आठवड्यातली खडी पसरणारी बाई आठवली. रोलर मागे घेताना ती अचानक बाजूला उडी मारताना आरशात दिसली होती. उतरल्यावर ती त्याला शिव्या देत होती, हे तिच्या हातांवरून कळलं होतं. ओरडायचं नव्हतं का आधी, असं तो तिला म्हणाला होता.

ती ओरडली असेल. नक्की ओरडली असेल.

बारक्या त्याच्या कानाजवळ वाकला. मोठ्याने, पण इतरांना पाठ करून तो बोलला, "मामा, मला वाटलं तू मुद्दाम काही बोलत नाहीस. मी कुणाला सांगणार नाही. चढ वर, थोडेच राहिलेत."

"मुद्दाम?" मामा म्हणाला. "अरे गाढवा, मी त्या बाईला भांडकुदळ ठरवलं तुझ्यापायी."

"माझ्यापायी नाही," बारक्या म्हणाला.

ते खरं होतं. अर्धं तरी.

मुकादम घड्याळ दाखवत होता. उरलेली रांग उन्हात चमकत होती. वर चढलं, दांडा ओढला, की झालं. आणखी काही वर्षं सहज निघाली असती. रोलरच्या सीटवर बसलेल्या माणसाला ऐकू येतं का, हे कोण विचारतं? त्या सीटवर तो तरणाताठा असल्यापासून बसत आला होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं. रोलरवरून उतरलेला रोलरमामा म्हणजे नुसता मामा, आणि तोसुद्धा एकाच भाच्याचा.

तो मुकादमासमोर गेला आणि रोलरची किल्ली पुढे धरली.

"काय झालं? रुसलास का भाच्यावर?"

"मला ऐकू येत नाही," मामा म्हणाला. "रोलरच्या मागं कुणी ओरडलं, तर मला कळणार नाही. ती खडीवाली बाई वाचली ती तिच्या नशिबानं."

मुकादम चपापला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, साहेबांनी ऐकलं की काय म्हणून. "वेडा आहेस का? इथं कोण आहे मागं? रांग संपव, उद्या बघू कानाचं. डॉक्टरकडे जाऊन ये, यंत्र देतील एखादं."

हे त्याने जवळ येऊन, चढ्या आवाजात सांगितलं, म्हणून मामाला कळलं.

"जाईन की. पण त्यांनी ठीक आहे म्हटल्यावर चढेन. नाही म्हटले, तर डेपोत झाडू मारेन. आज नाही."

किल्ली मुकादमाच्या हातात राहिली. साहेब लांबून विचारत होते, काय खोळंबा आहे म्हणून. फोटोवाले कंटाळले होते. मुकादमाने टोपी मागे सारली. "मीही चालवलाय रोलर एके काळी," असं पुटपुटत तो पायरीवर चढला.

मामाने सीटखालची आपली पाण्याची बाटली काढून घेतली, पंचा काढून घेतला. गादी उचलली आणि पुन्हा होती तिथं ठेवली. "गादी राहू द्या," तो म्हणाला. "इंजिन तापलंय. नाहीतर बूड भाजेल."

मुकादम बसला, समोरच्या दांड्यांकडे बघून गोंधळला आणि खाली वाकून काहीतरी बोलला. अशा वेळी मामा आजवर मान डोलवून मोकळा व्हायचा, आणि बहुतेकदा ते खपूनही जायचं. आज त्याने कानामागे तळहात धरला.

"ऐकू आलं नाही. परत बोला."

मुकादम लाल होऊन, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, "पुढं जायचा दांडा कुठला, विचारतोय!"