शिटी वाजली तरी गाऱ्हाणं संपेना

हे लिहायला मी दीड महिना लावला, कबूल. आधी फोटो शोधत होतो, मग फोटोत दिसलेल्या हॉटेलचं नाव शोधत होतो, मग झोपलो.

निघालो होतो विजयदुर्गला. कोल्हापूरहून एसटीने गगनबावड्याचा घाट उतरलो (पोट हलकं ठेवा, खिडकी पकडा), कणकवलीला पुढची गाडी चुकली म्हणून मालवणच्या गाडीत बसलो. वाटेतल्या कट्टा गावात चहासाठी उतरलो तर तीही गेली. शेजारी दोरखंड विकत घेणाऱ्या सांतानकाकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“वजन किती रे तुझा?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“चल.”

काकांकडे कॅटमरान आहे: दोन अरुंद होड्या जोडलेल्या, मध्ये जाळी, वर शीड. शर्यत चार दिवसांवर आणि जाळीवर बसायला माणूस नाही. त्यांच्या घरी पाहुण्यांना राहणं-जेवण हजाराच्या आत पडतं, मला फुकट, कारण मी वजन होतो.

जेवताना जसिंताकाकींनी बांगडा वाढता वाढता निकाल दिला, “दोन वर्षां ह्या होडयेन अंगण अडवल्यान. शर्यत पुरी केली नाय, तर हिचो कोंबड्यांचो खुराडो करतलंय.”

काका हसले, पण दुसरा बांगडा त्यांनी घेतला नाही.

सराव असा: वारा भरला की मी वाऱ्याच्या बाजूला सरकायचं, नाहीतर होडी उलटते. एवढंच. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी मी धामापूरचं तळं बघायला गेलो आणि संध्याकाळपर्यंत बघतच बसलो. (तुम्हीही जा. सराव नसेल तर.)

शर्यतीच्या दिवशी मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर बाकीच्यांचे समुद्राला नारळ पहाटेच देऊन झाले होते. आमचा राहिला, कारण मी घावणे खात होतो. काका चर्चमध्ये जाणारे, पण समुद्रात जायचं तर शेजारच्या दाजींचं गाऱ्हाणं हवंच. दाजी देवाला एकेक अडचण सांगत होते, आम्ही “व्हय म्हाराजा!” म्हणत होतो. दाजी होडीच्या दोरीच्या अडचणीपर्यंत पोचले आणि शिटी वाजली. सगळ्या होड्या सुटल्या. गाऱ्हाणं अर्धं टाकून कोण निघणार?

दाजी शांतपणे म्हणाले, “आणि ही जी शिटी वाजली, तिचो दोष ह्या पोरांका लागाचो नाय...”

“व्हय म्हाराजा!” पासष्टीचं पोर माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडलं.

तरंगत्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. वारा असा मिळाला की आम्ही दोघांना मागे टाकलं. मग डॉल्फिन दिसला.

“खंय बघतस रे, झिला! हय सरक!”

मी डॉल्फिनच्या बाजूला सरकलो होतो.

पाण्यातून वर आलो तेव्हा काका आडव्या होडीवर उभे राहून दोर ओढत होते. “आता लटक!” मी लटकलो. होडी उभी राहिली. माझा पहिला उपयोग.

किनाऱ्याला लागलो तेव्हा शेवटच्या रेषेचे झेंडे काढून झाले होते आणि आयोजक जेवत होते.

“पुरी झाली!” काका ओरडले.

“रेषा खंय आसा?” काकी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मग होडीभोवती फिरून त्यांनी विचारलं, “उलटली ती उभी कशी केलंस?”

काकांनी करून दाखवलं. तीनदा. खुराड्याचं काय, हे विचारायला न थांबता मी सरळ एसटीत बसलो.

घरी आल्यावर शिल्लक काय? तळहातांवर दोराचे वळ, फोनमध्ये मीठ, आणि होडीचं काय झालं हे विचारायला फोन लावायची भीती. चूक माझी होती ना.

थांबा, आई खालून हाक मारतेय. दारात जसिंताकाकी उभ्या आहेत, एकट्याच, पाहुण्यांच्या वहीतला माझा पत्ता घेऊन पहाटेच्या गाडीने आलेल्या.

“आयतवारी शर्यत आसा. सुकाणू मी धरतलंय. बॅग भर.”