झिजवण्यासाठी केलेल्या चकत्या

भाग्या अक्कांच्या भावाचा सकाळी फोन आला. "अक्का झोपेतच गेली गं," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "मग आज लॅबला येणार नाहीत?" ... असं कसं विचारलं मी, अजून कळत नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी मल्लेश्वरमपर्यंत एकाच बसनं आलो होतो. उतरताना त्यांनी हात हलवला होता, नेहमीसारखाच.

अक्का आमच्या कॉलेजात पीएच.डी. करत होत्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सोलापूरहून इथे बेंगळुरूला आल्यावर मराठी बोलणारं ते एकच माणूस मला भेटलं. त्यांचं मराठी मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेलं. "घाबरतेस काय? स्वल्प जवळ ये, लेथ चावत नाही," असं म्हणून त्यांनी मला यंत्रापाशी उभं केलं. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू हलके, पण घासले की लवकर झिजतात. अक्का लेथवर कातलेल्या चकतीवर कठीण रोलर दाबून फिरवत. धातू निघत नसे, नुसता वरचा थर दबून घट्ट होई आणि चकती आरशासारखी चमके. अशी चकती कमी झिजते, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

दसऱ्याच्या आयुधपूजेला त्यांनी लेथला कुंकू लावलं आणि कौतुकानं त्या चमकत्या चकत्यांनाही. नंतर पुसल्या, वजन केलं, चाचणीत घासून किती वजन घटलं ते पाहिलं, तर साध्या चकत्यांपेक्षा नेमक्या त्याच जास्त झिजलेल्या दिसल्या! अक्का दिवसभर तेच आकडे तपासत राहिल्या. मग एका चकतीच्या भोकात मला लाल कण दिसले. वजनात धरलेलं कुंकू चाचणीत झडलं होतं. "अय्यो, झिजलं ते कुंकू गं!" म्हणत त्या हसत सुटल्या. सगळ्या चकत्या नव्यानं केल्या. शेवटची झाली ती फोनच्या आदल्या संध्याकाळी.

नंतर मला चाचणी घेववेना. चाचणी म्हणजे अक्कांच्या हातचा तो पृष्ठभाग खरवडणं. न घ्यावी, तर त्यांचं म्हणणं अर्धवटच राहणार... शेवटी चकत्या घेऊन मी त्यांच्या आईंकडे गेले. त्यांनी एक चकती बराच वेळ हातात धरली आणि परत दिली. "ठेवायला नाही केल्या तिनं. घास."

मागच्या आठवड्यात घासल्या. यंत्र थांबल्यावर चकती पुसून काट्यावर ठेवली. अक्कांची पद्धत अशी, की वजनाचा आकडा मी मोठ्यानं वाचायचा, त्या लिहून घ्यायच्या, मग मी पुन्हा वाचायचा. मी वाचला. झीज खरंच कमी होती. समोरची खुर्ची रिकामी होती. लिहून होईल एवढा वेळ मी थांबले... आणि पुन्हा वाचला.