आमच्या बाजारात ड्रॅगन नाही

चार वर्षं एकाच टेबलाभोवती बसलं की किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटावर धूळ साचते तसे ते आपोआप साचतात आणि झाडायला गेलं की अंगावरच येतात. आज झाडतोच एकदा, कारण माझं डोकं फिरलंय.

टेबल पांढरकवड्याचं. हायवेला लागून प्रशांतचं ट्रकच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, त्याच्या माडीवर आम्ही रविवारी दुपारी रोलप्लेइंग गेम खेळतो. म्हणजे एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरायचं आणि कुठे अडलं की फासे टाकायचे. गोष्ट सांगणारा मी. ट्यूशनमध्ये फिजिक्स शिकवतो म्हणून सगळे मला सर म्हणतात, ऐकत कोणी नाही. खेळणारे तिघं: प्रशांत, आरोग्य केंद्रातल्या नर्स वैशालीताई आणि तांड्यावरून येणारा अनिल राठोड. अनिलची कापूस-तुरीची शेती आहे.

जगभर चालतो तो तलवारी, जादू आणि ड्रॅगनचा गेम. आमच्याकडेही तोच. मी मात्र दोन वर्षं खपून स्वतःचा एक गेम लिहिला, 'बाजाराचा दिवस'. एक गाव, एक आठवडी बाजार, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कोणी कोणाला मारत नाही. चोवीस पानांची झेरॉक्स, मध्ये दोन स्टेपल. माझी इच्छा एवढीच होती, की कोणीतरी तो शेवटपर्यंत खेळावा. एकदा!

* * *

नवे खेळाडू मिळावेत म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकली. आठवडाभरात एक फोन आला, झरी जामणीकडून.

त्याने विचारलं, त्यात ड्रॅगन आहे का. नाही म्हटलं. वाघ? वाघही नाही. मग आहे तरी काय? मी उत्साहात सगळा बाजार उभा केला: भाजीवाल्या, बांगड्यांचं दुकान, पालं, भांडणं, सोयरिकी. तो बिचारा शांतपणे ऐकत राहिला.

"सर," तो शेवटी म्हणाला, "हा त आमच्या इथं दर मंगळवारी भरते. तुमीच या."

* * *

प्रशांतने ड्रॅगनवाल्या गेमचं जाडजूड पुस्तक बाहेरून मागवलं. रंगीत चित्रं, गुळगुळीत पानं. दसऱ्याला पाने-हातोड्यांसोबत त्यालाही हळद-कुंकू वाहिलं. तेव्हापासून त्याला हात लावायची सोय नाही. कुठला नियम अडला की प्रशांत कपाटाकडे बोट दाखवून सांगतो, पुस्तकात असंच दिलंय. त्याने ते एकदाही उघडलेलं नाही.

एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की आपलं डगमगतं टेबल आज डगमगत नाही. खाली वाकून पाहिलं. पायाखाली माझा गेम, चारपदरी घडी घालून!

मी भडकलो. म्हटलं, टेकू द्यायला तुझं ते जाड पुस्तक का नाही लावलं?

प्रशांतला माझी कीवच आली. "सर, ते पुस्तक हाये. पायाखाली कसं ठेवू?"

* * *

बरं, ड्रॅगनचा गेम तरी हे लोक ड्रॅगनसारखा खेळतात का?

एकदा तिघं मिळून गुहेत पोचले. समोर सोन्याचा ढीग, ढिगावर झोपलेला ड्रॅगन. या प्रसंगासाठी मी महिनाभर तयारी केली होती. वैशालीताई म्हणाल्या, आधी त्या जखमी सैनिकाला औषध देते. मी म्हटलं, द्या, तुमच्याकडे जादूची बाटली आहेच. त्यांनी बाटलीवरची एक्स्पायरी डेट विचारली. मी म्हटलं, जादूला एक्स्पायरी नसते. त्या म्हणाल्या, मग मी देणार नाही, पेशंट पुढे रेफर करा.

सैनिक रेफर झाला. आता तरी तलवार काढतील म्हणून मी अनिलकडे पाहिलं. तो विचारात पडला होता.

"सर, ह्या गुहेचा सातबारा कोनाच्या नावावर हाये?"

पुढचे तीन तास गुहेची मोजणी झाली. ड्रॅगनला शेजारचा धरून बांधावर बोलावलं, पंच नेमले, वैशालीताईंनी त्याला चहा विचारला. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, की अरे, हेच तर माझ्या गेममध्ये आहे! बांध, पंच, चहा, सगळं! मग तोच खेळा ना!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वैशालीताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हो सर, पन त्याच्यात ड्रॅगन नाही ना."

* * *

उमरखेडला कॉलेजच्या पोरांचा मोठा ग्रुप आहे असं कळलं. त्यांनी मला 'गेमचे लेखक' म्हणून बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, तीस प्रती पिशवीत भरून एसटीने गेलो. त्यांनी शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले. मग अध्यक्ष नम्रपणे म्हणाला, की आमचा गोष्ट सांगणारा आजारी पडलाय, तेवढा ड्रॅगन तुम्ही चालवाल का?

चालवला. संध्याकाळच्या गाडीने तीसच्या तीस प्रती घेऊन परत आलो. त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. घरी आल्यावर प्रती कपाटात टाकल्या आणि ठरवलं, आता हा विषय बंद.

* * *

मग अनिल यायचा बंद झाला. एक रविवार, दोन रविवार, तीन. मला वाटलं, तुरीच्या फवारणीत अडकला असेल. फोन केला तर म्हणाला, "घरी लय गर्दी हाये सर, निघताच येत नाही." काही कमीजास्त तर नाही ना, म्हणून मी गाडी काढून तांड्यावर गेलो.

अंगणात सतरंजी, सतरंजीवर आठ बाया. मधोमध 'बाजाराचा दिवस'. स्टेपल केव्हाच तुटले असावेत, कारण पानं लाल दोऱ्याने शिवली होती. फाशांच्या जागी चिंचोके. दोन बाया एका म्हशीवरून अशा भांडत होत्या, की मी दारातच थबकलो. म्हैस कुठेच नव्हती.

अनिल भिंतीला टेकून उभा होता. त्याने हळूच, अगदी कंटाळून सांगितलं: मी मागे त्याला दिलेली प्रत त्याच्या बायकोने पिशवीतून काढून सगळ्यांना वाचून दाखवली, पहिला बाजार दिवेलागणीला संपला, आता तिसरा चालू आहे. त्याला स्वतःला अजून जागा मिळालेली नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी चप्पल काढून पुढे झालो आणि म्हटलं, मीपण बसतो.

गोष्ट सांगत होती अनिलची याडी, म्हणजे त्याची आई. तिने म्हशीचं भांडण हाताने थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"लिवलं त तुमीच, अनिलनं सांगतलं. पन खेळले का कधी?"

मी आठवून पाहिलं. दोन वर्षं, चोवीस पानं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग आज निस्तं पाहा," ती म्हणाली, आणि चिंचोके पुढच्या बाईच्या हातात दिले.