झाकण नकाशात राहील

"आजपासून मागच्या बोळातून येत जा. तुमचं काम मागेच आहे ना."

घरमालक काका हे हसत म्हणाले. त्यांच्या हातात पेपर, माझ्या हातात टेप आणि नकाशाची गुंडाळी. कालपर्यंत मला 'अगं' म्हणणारा माणूस आज 'तुम्ही' म्हणत होता. आणि मी काय केलं? मान डोलावली. चपला परत घातल्या, घराला वळसा घातला आणि बोळात शिरले.

इथे तमिळ मुलखात, मैलापूरच्या जुन्या घरांच्या बाजूला असा बोळ असतो. अंग चोरून एक माणूस जाईल एवढा. संडास साफ करणाऱ्याने घरात पाऊल न टाकता परसात पोचावं म्हणून ठेवलेला. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझे बाबा आयुष्यभर असल्याच बोळांतून गेले.

काका मूळचे पुण्याकडचे. बँकेत होते, निवृत्त होऊन इथेच राहिले. घर मागे वाढवायचं होतं. मोठं स्वयंपाकघर हवं होतं, त्याला लागून देवघर. अंबत्तूरच्या ज्या कंत्राटदाराकडे मी नोकरीला होते, त्याला काम मिळालं आणि त्याने मला पाठवलं. सिव्हिलचा डिप्लोमा होऊन दोनच वर्षं झाली होती. मराठी मुलगी साइटवर आली म्हणून काका-काकूंना कोण आनंद. हॉलमध्ये बसवलं. स्टीलच्या पेल्यात कॉफी, बरोबर चकल्या. आपल्या भाषेत बोलायला मिळालं म्हणून मीही खुलले.

इकडे नावाला आडनाव लावत नाहीत, बापाच्या नावाचं एक अक्षर लावतात. शाळेपासून मी त्या अक्षराच्या आड सुखात होते. काकांनी आठवड्याभरात ते सोलून काढलं. मूळ गाव कुठलं? सोलापूरकडे म्हणजे कुठे? गावात घर कुठल्या बाजूला? आडनाव काय म्हणालीस? वडील कशात होते? मी म्हटलं, फॅक्टरीत. खोटं नव्हतं. फॅक्टरीच्या कॉलनीतली गटारं साफ करायचे, तेवढं मी गिळलं. काकांच्या वागण्यापेक्षा त्या गिळण्याची मला आजही जास्त लाज वाटते. तसंही आडनावावरच त्यांचं काम भागलं होतं. दुसऱ्या दिवशी बोळ. कॉफी कागदी कपात, धुण्याच्या दगडावर ठेवलेली. काकू आतूनच सांगायच्या, "ठेवलीय हं."

आठ दिवस मी ती कॉफी प्यायले. नोकरी हवी होती.

परसाच्या मधोमध ड्रेनेजचं चेंबर होतं, वर बिडाचं जड झाकण. या घराचं आणि मागच्या दोन घरांचं सांडपाणी तिथे एकत्र येऊन रस्त्याखालच्या गटाराला जायचं. नवं स्वयंपाकघर नेमकं त्याच्यावर येत होतं. मी पुन्हा पुन्हा मोजलं. चेंबर सरकवायला जागा नव्हती, नव्या पाइपला उतार मिळत नव्हता. बोळही काकांना घरात घ्यायचा होता, कोठीच्या खोलीसाठी. मग मार्ग एकच. चेंबर आहे तिथेच ठेवायचं आणि फरशीच्या पातळीत दुहेरी झाकण बसवायचं, रबराची पट्टी लावून स्क्रूने आवळलेलं. वास येत नाही आणि तुंबलं तर उघडता येतं. तसं मी नकाशावर काढलं, लाल गोल करून.

काका, कंत्राटदार आणि मी परसात उभे होतो. काका नकाशा बघत राहिले. वासाबद्दल विचारलं नाही, झुरळांबद्दल विचारलं नाही. म्हणाले, "म्हणजे तुंबलं की तो माणूस हॉलमधून येणार? देवघरावरून?"

"हो. दुसरी वाट तुम्हीच बंद करताय."

मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. कंत्राटदाराला इंग्रजीत म्हणाले, झाकणावर स्लॅब टाका, वर फरशी बसवा आणि मंजुरीच्या नकाशात चेंबर दाखवू नका. कंत्राटदार मला तमिळमध्ये म्हणाला, खोडून टाक आणि सही कर.

बाबांच्या कॉलनीत असंच एक चेंबर कुणीतरी शेड वाढवताना पुरून टाकलं होतं. काही वर्षांनी ते तुंबलं. फरशी फोडून बाबांना आणि त्यांच्या जोडीदाराला आत उतरवलं. आत विषारी वायू साठलेला. बाबांना दोराने ओढून काढलं, तेव्हापासून त्यांना जिना चढवत नाही. जोडीदार मेला. ज्याने ते पुरलं त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण नकाशात तिथे चेंबरच नव्हतं.

"खोडणार नाही," मी म्हणाले.

काका हसले, पहिल्यासारखंच. "तुम्हाला त्याचं एवढं काय?"

"काका, माझे वडील ही चेंबरं साफ करायचे. आत उतरून. मी तुमच्यापासून लपवलं ती माझी चूक. उद्या तुमच्या फरशीखाली जो मरेल तो माझ्या घरातला असेल, तुमच्या नाही. म्हणून तुम्हाला काही वाटत नाही."

नकाशा गुंडाळला आणि घरातूनच निघाले. जुनं स्वयंपाकघर, हॉल, पुढचं दार. पायात चपला. काकू भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. कुणी अडवलं नाही.

नोकरी त्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी मी मंजुरीच्या कार्यालयात अर्ज दिला. चेंबर कुठे आहे, किती खोल आहे, कुणाकुणाचं पाणी येतं, सगळं लिहिलं. खाली सही केली, आडनावासकट. काकांचं काम अडलं. पुढे त्यांनी स्वयंपाकघर आखूड केलं, चेंबर उघड्यावर राहिलं आणि बोळही राहिला, असं साइटवरच्या मेस्त्रीकडून कळलं. म्हणजे साफ करणारा अजून बोळातूनच जातो. मी जिंकले असं कुणी म्हणू नये.

बाबा म्हणाले, "कशाला गं नोकरी घालवलीस?" मला त्यांचाही राग आला. त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले.

आता मी स्वतःच घरांचे नकाशे करते. घर वाढवायला निघालेला प्रत्येक जण विचारतो, मॅडम, ते झाकण लपवता येईल का? नाही. चेंबर नकाशात राहील. झाकण उघडता येईल असंच राहील. आत कुणी उतरणार नाही, आणि मशीनचा पाइप घेऊन येणारा माणूस तुमच्या पुढच्या दाराने येईल. एवढं आधी लिहून द्या. मग तुमचं स्वयंपाकघर कुठे बसतं ते मी बघते.