अंबाडीच्या राखणीची दिवाळी

अंबाडी भिजायची ती नेमकी दिवाळीत. कपाशीच्या बांधावरची अंबाडी कापून पेंढ्या नाल्याच्या डोहात दगडांखाली दाबल्या, की पंधरा-वीस दिवसांनी साल सुटे. त्या सालीचा वाख, म्हणजे धागा, धुऊन, वाळवून आम्ही अंबडच्या हातकागदाच्या शेडला द्यायचो. दोराला काळपट वाख चालतो, कागदाला नाही. एक दिवस उशीर झाला की कुजलाच. म्हणून रोज एक काडी उपसून साल ओढून बघावी लागे. घरात ते दोघींनाच जमायचं, थोरल्या जाऊबाईंना आणि मला. त्यांना नुसत्या वासावरून कळायचं. मी आपली चार काड्या मोडून अंदाज ठोकायची.

त्यामुळे भाऊबीजेला एकीनेच माहेरी जायचं. एका वर्षी त्या, एका वर्षी मी.

माझ्या दुसऱ्या दिवाळीला पाळी त्यांची होती. मी मात्र माहेरच्या, जाफराबादच्या आठवणीने चुलीपुढे मुसमुसत बसले. आता सांगायला लाज वाटते, पण ते रडणं त्यांना ऐकू जावं म्हणूनच होतं.

"जा तू यंदा," त्या म्हणाल्या. "कवापासून रडून राह्यलीस. मी बघते अंबाडी."

मी तोंडदेखलंही नको म्हटलं नाही.

परत आले तेव्हा शेजारणीने सांगितलं. जाऊबाईंचा भाऊ न्यायला आला होता. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, यंदा येता येत नाही म्हणाल्या. "भावापरीस अंबाडी मोठी झाली का? मंग तिलाच ओवाळ," म्हणून तो तसाच माघारी फिरला. पुन्हा कधी न्यायला आला नाही.

पुढे दर दिवाळीला मी म्हणायची, "जाऊबाई, तुम्ही जा. मी थांबते."

"न्यायला आल्याबगर कसं जाऊ गं?" त्या हसून म्हणायच्या. फाट्यावर एसटी थांबली की मात्र साल सोलता सोलता त्यांचा हात थांबायचा.

पुढे शेड बंद पडली. अंबाडी भाजीपुरती राहिली. दिवाळी आली की मला अजून डोहाचा तो कुबट वास हवासा वाटतो, आणि शेजारी पाण्यात त्या हव्याशा वाटतात.

त्या वारल्या तेव्हा त्यांचा भाऊ आला. रीतीप्रमाणे माहेरची साडी घेऊन. साडी माझ्या हातात देताना त्याने विचारलं, "ती माझी वाट बघायची का?"

मी हो म्हणाले. तो माघारी फिरला त्या दिवाळीला माहेरी कोण गेलं होतं, हे सांगायची हिंमत मला झाली नाही.