पऱ्हाटीची पेशी

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. मी दारव्ह्यात अकरावीला जीवशास्त्र शिकवत होतो. वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा असे. तशातही खेड्यातून येणाऱ्या एका मुलीने जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आतड्याच्या अस्तरातल्या एका पेशीची प्रतिकृती केली. थर्माकोलच्या खोक्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाच्या, बारीक काड्या उभ्या केल्या. अन्नरस शोषणारे ते अंकुर. पण काड्या तिने पार आत उतरवल्या होत्या आणि आत सुतळीने आडव्या-तिडव्या विणल्या होत्या.

पुस्तकातल्या आकृतीत अंकुर नुसते वर होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पेशी केली की बकरीचा गोठा?" वर्ग हसला.

ती म्हणाली, "सर, गोठ्याच्या भिंतीचा कूड असाच बांधतेत. आडवं बांधल्याबिगर पऱ्हाटी उभी नाही राहत."

मी सुतळी कापली आणि काड्या वरून डिंकाने चिकटवल्या.

यवतमाळला पोहोचेपर्यंत काळीपिवळी जीपच्या धक्क्यांनी सगळे अंकुर आडवे झाले. मी घड्याळ बघत उभा राहिलो. ती चहाच्या टपरीवरून सुतळी मागून आली आणि व्हरांड्यात बसून तिने पहिल्यासारखं सगळं विणलं. मी काड्या धरल्या, एवढंच.

परीक्षक वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे होते. त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं. "प्रत्येक अंकुरात तंतूंची जुडी असते, ती खालच्या जाळीत रोवलेली असते. हे तुमच्या पुस्तकात नाही. कुणी सांगितलं?"

"सरांनी," ती म्हणाली.

त्यांनी माझा हात हातात घेतला. मी काही बोललो नाही. पहिल्या क्रमांकाच्या प्रमाणपत्रावर तिच्या नावाखाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव आलं.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "काहून सांगितलं तसं?"

"तुमी खाली पाहून राह्यले होते, सर. म्हटलं, तुमीबी काड्यांवानी पडान."

ती खिडकीबाहेर बघत हसली. माझ्याच्यानं हसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, जो वर्ग हसला होता त्याच वर्गात मी सगळं सांगितलं. सुतळी मी कापली, पेशी मला कळली नव्हती, तिला कळली होती. ती वहीत डोकं घालून बसली. मागून कोणीतरी म्हणालं, "मंग सर, बकरी कोन?" मी म्हणालो, "मीच." तेव्हा मात्र तीही हसली.

परीक्षकांसमोर गप्प राहिलो, ते अजून सलतं. पण ती प्रतिकृती प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. दर वर्षी ती काढून मी नव्या मुलांसमोर ठेवतो, त्या मुलीच्या गावाचं नाव सांगतो आणि वरून तळहात दाबून दाखवतो. एकही काडी हलत नाही. त्या वेळी माझी मान जेवढी ताठ असते तेवढी एरवी कधीच नसते.